‘घरचे’ म्हणजे कोणाचे?

मराठी बोलण्यात ‘घरचे’ या शब्दाला जो मान आहे, तो फार थोड्या शब्दांना लाभला असेल. घरचे तूप, घरचे लोणचे, घरचा मसाला असे म्हटले, की त्या पदार्थाच्या चांगुलपणाबद्दल आणखी काही सांगावे लागत नाही. हे दिवस तर दिवाळीचे. फराळाचे ताट पुढे ठेवताना घरची बाई हळूच म्हणते, ‘सगळे घरचे आहे हो’. आणि पाहुणा दुसरी चकली उचलतो, ती निम्मी त्या शब्दाच्या चवीसाठी. परंतु मुलांना व्याकरण शिकवण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांना एक खोड जडलेली असते. ‘चा, ची, चे’ दिसले, की ‘कोणाचे?’ असे विचारल्यावाचून त्यांना राहवत नाही. तेव्हा मी विचारते: घरचे म्हणजे नेमके कोणाचे? घर पीठ मळत नाही, घर कढईपुढे उभे राहत नाही. भिंतींना हात नसतात. हात कोणा एका माणसाचे असतात, आणि त्या माणसाचे नाव ‘घरचे’ या गोड शब्दात सहसा बुडून जाते.

हा प्रश्न फराळापुरता राहिला असता, तर मी तो दिवाळीच्या तोंडावर काढलाही नसता. सणाच्या कष्टांना निदान कौतुकाचे चार शब्द मिळतात. शेजारणी एकमेकींच्या करंज्या पाहतात, अनारशाला जाळी पडली की घर आनंदते, आणि वर्षातून चार दिवस का होईना, स्वयंपाकघराकडे सर्वांची पावले वळतात. रोजच्या न्याहारीचे तसे नाही. ती वर्षातून तीनशे साठ वेळा होते, आणि तीनशे साठ वेळा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण मरणाइतकीच रोजच्या पोह्या-उपम्यालाही लागू आहे. म्हणून मला वाटते, माणसाच्या नीतीची परीक्षा नरकचतुर्दशीच्या पहाटे होत नाही. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी साडेसहाला होते. त्या वेळी कोण उठले आहे, कोण निजले आहे, आणि जो उठला आहे तो आपणहून उठला आहे की उठावेच लागते म्हणून, यावर त्या घराची नीती ठरते.

या प्रश्नाच्या विचारासाठी मी पदार्थ निवडला आहे तो आपल्या परंपरेतला नाही. त्याचे नाव ग्रॅनोला. गेल्या काही वर्षांत तो शहरांतल्या दुकानांत आला आणि आता बऱ्याच मराठी घरांतही शिरला आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल, त्यांना एवढे सांगितले तरी पुरे, की तो ओट्सचा गोडसर चिवडा आहे. ओट्स, दाणे, बिया यांना मध आणि तेल चोळायचे, मंद आचेवर कुरकुरीत भाजायचे, आणि सकाळी दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर खायचे. असला परका पदार्थ घेऊन दिवाळी अंकात नीतीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माझी दोन कारणे आहेत. पहिले असे, की ‘घरचे’ या शब्दाचे काय काय होऊ शकते, याची सारी कथाच या पदार्थाच्या चरित्रात सापडते. दुसरे कारण पुढे सांगेन.

ही कथा अमेरिकेतली. १८३७ साली सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम नावाच्या एका धर्मोपदेशकाने पाव आणि पाव करण्याची रीत यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. बाजारच्या पावात भेसळ असते, पांढऱ्या मैद्यातले सत्त्व गेलेले असते. तेव्हा कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा पाव खावा आणि तो घरीच करावा, असे त्याचे म्हणणे होते. इथपर्यंत त्याच्याशी कोणाचे भांडण नाही. परंतु घरी म्हणजे कोणी? ग्रॅहॅमचे उत्तर ठरलेले होते. पत्नीने आणि आईने. घरच्या माणसांच्या कल्याणाची खरी कळकळ तिलाच असते, तेव्हा हे काम तिच्याखेरीज दुसऱ्यावर सोपवू नये, असा त्याचा उपदेश. घरच्या पावाला त्याने धर्माचे तेज दिले, आणि त्या तेजाची धग सोसण्याचे काम मात्र दुसऱ्याकडे दिले.

या ग्रॅहॅमचे विचार मानणारा जेम्स केलेब जॅक्सन हा न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल येथे एक आरोग्यधाम चालवीत असे. १८६३ साली त्याने कोंड्याच्या पिठाची रोटी भाजून, तिचे तुकडे करून, ते पुन्हा भाजून एक पदार्थ तयार केला आणि त्याला ‘ग्रॅन्युला’ हे नाव दिले. तो इतका टणक असे, की रात्रभर दुधात भिजत घातल्याखेरीज दाताला दाद देत नसे. गंमत पुढेच आहे. त्या आरोग्यधामाचे नाव होते ‘टेकडीवरचे आमचे घर’, आणि हा पदार्थ विकणारी मंडळी उभी राहिली तिनेही आपल्या नावात ‘आमचे घर’ हेच शब्द घेतले. म्हणजे या जातीची पहिली न्याहारी जन्मली ती आरोग्यधामाच्या भटारखान्यात, विकली गेली बाजारात, आणि अंगावर झूल मात्र घराची!

पुढे मिशिगन राज्यात बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी ओट्स, गहू आणि मका यांचा असाच पदार्थ केला, आणि त्यालाही ग्रॅन्युलाच म्हटले. जॅक्सनकडून हरकत आली तेव्हा एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ झाले. तेच नाव आज आपल्या दुकानातल्या पाकिटावर आहे. त्या आरोग्यधामाच्या प्रयोगांत डॉक्टरांच्या पत्नी एला केलॉग यांचा मोठा हात होता. रोग्यांना सोसेल आणि रुचेलही असे अन्न शोधण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत होत्या. ‘स्वयंपाकघरातील शास्त्र’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १८९२ साली निघाला. आज जगभर केलॉग हे नाव पुरुषाचे म्हणून माहीत आहे. एलाबाईंचे नाव कितीजणांना ठाऊक असेल? डॉक्टरांचे धाकटे बंधू विल यांनी १९०६ मध्ये मक्याच्या पोह्यांचा स्वतंत्र कारखाना काढला. पोह्यांत साखर घालायची की नाही, यावरून दोघा भावांत वितुष्ट होतेच. पुढे घराण्याच्या नावावरून ते कोर्टापर्यंत गेले. घरच्या नावासाठी घर फुटले!

त्यानंतर बरीच वर्षे ग्रॅनोला मागे पडला. १९६०नंतरच्या दशकात कारखान्याच्या डबाबंद जिण्याला कंटाळलेल्या तरुण पिढीने तो पुन्हा वर काढला. १९६९च्या ऑगस्टमध्ये, त्याच न्यूयॉर्क राज्यात, वुडस्टॉकच्या नावाने जो प्रचंड संगीतमेळा झाला, त्यात काही लाख माणसे चिखलापावसात अडकली असता एका सामुदायिक वस्तीतल्या लोकांनी कागदी पेल्यांतून ग्रॅनोला वाटला. पेठेतल्या डब्याला दिलेले ते हाताचे उत्तर होते. परंतु दहा वर्षेही लोटली नाहीत, तोच मोठमोठ्या कंपन्यांनी त्या उत्तराचेच डबे भरून विकायला काढले. आणि डब्यांवर पुन्हा शेताचे, घराचे, निसर्गाचे चित्र.

या सगळ्या कथेतून मी एवढेच घेते, की कोणताही पदार्थ मुळात पवित्र नसतो. ज्याला धर्म चिकटवला तो धंद्यात गेला, ज्याला बंड चिकटवले तोही धंद्यात गेला. आणि पवित्रता चिकटवणारा बहुतेक वेळा पिठात हात घालणारा नव्हता. ‘घरचे ते चांगले’ हे वाक्य ऐकले, की बोलणारा खाणारा आहे की करणारा, हे आधी पाहावे.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेली नाही. तत्त्वज्ञानाचे मोठे ग्रंथ माझ्या वाचनात नाहीत. परंतु या प्रश्नाला भिडणारा एक विचार आपल्याकडे साध्या भाषेत मांडला गेला आहे. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. त्या व्रतांत ‘अस्वाद’ आहे आणि ‘शरीरश्रम’ही आहे. अस्वाद म्हणजे जिभेचे चोचले न पुरवणे. त्याबाबतीत ग्रॅहॅम आणि केलॉग यांनी गांधीजींशी हातच मिळवला असता. परंतु शरीरश्रमाचे व्रत सांगते, की जो खातो त्याने अन्नासाठी आपले अंग झिजवले पाहिजे. आणि ते केवळ बायकांसाठी सांगितलेले नाही. आश्रमात स्वयंपाक आणि संडाससफाई ही सर्वांची कामे होती. मला वाटते, ग्रॅहॅमच्या उपदेशात जी पोकळी होती, ती नेमकी इथे भरून निघते. घरच्या अन्नाचे पुण्य ते खाण्यात नाही. ते करण्यात आहे. आणि म्हणूनच ते एकीने करून सर्वांना वाटता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मग बाजारातून आणा ना! कष्टही नकोत आणि हिशोबही नको.’ या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका पहाटे उठून जात्यावर दळीत. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक आपण पुस्तकांतून करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांचे खांदे दुखत होते, त्यांतल्या एकीनेही गिरणी बंद करा म्हटल्याचे मी ऐकले नाही. विकतचे घेणे हे पाप असते, तर गिरणीचे पीठ हेच पहिले पाप ठरेल. एखाद्या कामकरी घरात दिवाळीची चकली दुकानातून आली म्हणून त्या घरची दिवाळी उणी ठरवणे, यासारखा दुष्टपणा नाही. ज्या बाईने बाजाराच्या चार पुड्या आणून दोन तास झोप घेतली, तिने काहीच गमावलेले नाही.

तरीही सर्वच विकत घ्यावे असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण पाकिटाच्या पाठीवर छापलेले असते. आपल्या कायद्याप्रमाणे पाकिटातले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मी वर्गातल्या मुलांना कधीकधी ही यादी वाचायला लावते. साखर पहिली नसली की मुले खूश होतात. मग मी विचारते, ‘आणि हा ग्लुकोजचा पाक? हा मध? हा गूळ?’ एकाच गोडीला चार नावे दिली, की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. खोटे काहीच लिहिलेले नसते, आणि खरे काही कळत नाही. घरी करणाऱ्याला ही यादी वाचावी लागत नाही. किती गोड घातले ते त्याच्या हाताला ठाऊक असते. म्हणून घरी करण्याचा पहिला लाभ माझ्या मते आरोग्य हा नाही, शहाणपण हा आहे. घरच्या ग्रॅनोलातही मध जास्त ओतला तर तो मिठाईच होतो. मधाने साखरेचे पाप धुतले जात नाही. परंतु ओतणाऱ्याला ते ओतताना दिसते. जे आपण करतो त्याबद्दल आपण जबाबदार असतो. जे विकत घेतो त्याबद्दल आपण केवळ तक्रार करू शकतो.

आता रीत सांगते, कारण हातात काही नसताना केलेली नीतीची चर्चा मला पोकळ वाटते. चार वाट्या ओट्स घ्यावेत, पण ते चपटे, जाड. चटकन शिजणारे पिठूळ नकोत. त्यांत शेंगदाणे, बदामाचे काप आणि भोपळ्याच्या बिया मिळून एक वाटी, दोन चमचे तीळ, चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनीची पूड मिसळावी. पाव वाटी मध किंवा पातळ केलेला गूळ आणि पाव वाटी तेल कोमट करून ठेवावे. भट्टी असेल तर हे सर्व एकत्र कालवून, ताटात पातळ पसरून, दीडशे अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे ठेवावे आणि मधून दोनदा परतावे. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या कढईत आधी कोरडे जिन्नस मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे भाजावेत, मग मध-तेल घालून आणखी पाच मिनिटे परतावे. पातळ पोह्यांचा चिवडा ज्याने भाजला आहे, त्याला यात काही नवे नाही: आच वाढवायची नाही आणि जागेवरून हलायचे नाही. गरम असताना तो मऊच लागतो. म्हणून उतावळा माणूस आणखी भाजतो आणि करपवतो. निवला की तो आपोआप कुरकुरीत होतो. मनुका, खजुराचे तुकडे अगदी शेवटी, आच बंद केल्यावर. नाहीतर ते कडक आणि कडवट होतात. पुरता निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरला, की दोन आठवडे सकाळची चिंता मिटते. एका माणसाला लहान वाटी पुरे. दूध किंवा दही आणि एक केळे.

आता ते राहिलेले दुसरे कारण. मी हा परका पदार्थ निवडला, कारण तो कोणाचाही वारसा नाही. पुरणपोळी म्हटले की तिच्यामागे सासूबाईंचा हात उभा राहतो, आईचे माप उभे राहते, ‘आमच्याकडे अशी करीत नाहीत’ हे वाक्य उभे राहते. आपल्या पारंपरिक पदार्थांत चवीबरोबर कर्तव्याची वाटणीही ठरून गेलेली आहे, आणि ती वाटणी मोडायला गेले की परंपराच मोडल्यासारखे वाटते. ग्रॅनोलाबाबत असे कोणी म्हणू शकत नाही. तो बायकांनीच करावा असे आपल्या कुठल्याही व्रतात सांगितलेले नाही. तो बिघडला तर कोणाच्या माहेराचा उद्धार होत नाही. त्याला हातखंडा लागत नाही, वीस-तीस मिनिटांची सबूरी लागते. आणि तेवढी नववीतल्या मुलाकडे आणि त्याच्या वडिलांकडेही असते, फक्त ती मागावी लागते.

आमच्या घरी ती मागितली गेली. एक रविवार यजमानांचा आणि एक मुलाचा, असे ठरले. सासूबाईंना हा ‘घोड्याचा चारा’ पहिल्यांदा पसंत पडला नाही. परंतु आपला मुलगा कढईपुढे उभा राहून परततो आहे, हे त्यांनी पाहिले, आणि न राहवून ‘अरे, आच कमी कर’ एवढे म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः तीळ निवडून दिले. आता आठवड्यातल्या चार सकाळी आमच्याकडे न्याहारीला कोणी उठवावे लागत नाही आणि कोणी खोळंबत नाही. त्या चार सकाळींची मिळून दोन-अडीच तासांची शांतता माझ्या वाट्याला येते. माझी चालू कादंबरी त्याच वेळात पुढे सरकते. हा तास मला कोणी बक्षीस दिलेला नाही; तो माझाच होता, तो फक्त न्याहारीखाली दबलेला होता.

येथे एक आक्षेप राहतो, आणि तो सर्वांत नाजूक आहे. आई मुलांसाठी करते ते प्रेमाने करते. प्रेमाच्या व्यवहारात असा वाटपाचा हिशोब आणला तर घराचे दुकान होणार नाही का? मी या आक्षेपाचा आदर करते, कारण तो करणारे बहुधा प्रेमळ लोक असतात. परंतु मला त्यांना एक विचारायचे आहे. प्रेम व्यक्त करण्याची संधी घरातल्या एकाच माणसाला का मिळावी? आईच्या हाताला चव असते, हे खरेच आहे. ती चव मुळात तिच्या हातात नव्हती. हजारदा केल्याने आली. मुलाच्या हाताला ती कधी यावी? ज्याने कधी दुसऱ्यासाठी न्याहारी केली नाही, त्याला ती करून मिळण्यात काय मिळते हेही पुरते कळत नाही. आमच्या मुलाने पहिल्यांदा डबा भरून ठेवला, त्या आठवड्यात त्याने वाटीत एकही दाणा टाकला नाही. अन्नाला नावे ठेवू नयेत, हे मी त्याला दहा वर्षे तोंडाने शिकवत होते.

तेव्हा ‘घरचे’ या शब्दाचा अर्थ मला असा लागतो: ज्यात घरच्या सर्वांचे हात लागले ते घरचे. ज्यात एकीचेच हात लागले ते तिचे. ते तिच्या नावाने ओळखावे, आणि खाताना तिचे नाव घ्यावे. आणि ज्यात घरातल्या कोणाचेच हात लागले नाहीत ते विकतचे; त्याचीही लाज नको, पण त्याला ‘घरचे’ म्हणू नये. एवढा भेद पाळला, तरी पुष्कळ घरांतला अबोला कमी होईल.

दिवाळी चार दिवसांची असते. भाऊबीज झाली की आकाशकंदील उतरतो, फराळाच्या डब्यांच्या तळाला चिवड्याचा चुरा उरतो, आणि साधा मंगळवार पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो. त्या सकाळी साडेसहाला आपल्या घरात कोण उठले आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे. पाहिले, की पुढचे सुचतेच.